बेळगावच्या पावसात सेम्परव्हायवम कसं जगवायचं

पहिल्यांदा मी सेम्परव्हायवमची, म्हणजे जाड पानांचा गुलाबासारखा गुच्छ असलेल्या या झाडाची, सहा रोपं मागवली ती मे महिन्याच्या अखेरीस, डोंगराळ भागातल्या एका नर्सरीतून, कुरिअरने. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हे झाड बर्फाखाली महिनोन्‌महिने राहतं, मारू म्हटलं तरी मरत नाही. आमच्या अंगणात ते चाळीस दिवसांत मेलं. आर्द्रा संपता संपता एका सकाळी कुंडीतला पानांचा गुच्छ नुसता बोटांत धरला, तर वरचा भाग हातात आला आणि खाली सडक्या कांद्याच्या वासाचा काळपट चिखल राहिला. पुनर्वसूचा तरणा पाऊस सरेपर्यंत सहाही कुंड्या रिकाम्या झाल्या.

कागदावर लिहिलेलं खोटं नव्हतं. थंड मुलखातल्या लोकांनी थंडी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेले नियम मी मृगाच्या तोंडावर बेळगावात लावत होते, एवढंच. पुढच्या खेपेला दिवाळीनंतर तीन रोपं आणली. त्यातली दोन जगली, आणि आज त्यांच्या पिल्लांनी दोन परळ भरलेत. मधल्या काळात जे हाताला लागलं ते इथे लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणाला हे झाड लावायचं असेल तर त्यांची सहा रोपं तरी वाचतील.

आधी झाड कुठलं ते बघा

सेम्परव्हायवम हे मूळचं युरोपातल्या डोंगरांचं. आल्प्स, पिरेनीज, कार्पेथियन, बाल्कन, आणि तिथून पुढे तुर्कस्तान-कॉकेशसपर्यंत ते खडकांच्या फटीत, मूठभर मातीत वाढतं. लॅटिनमध्ये नावाचा अर्थ ‘सदा जिवंत’. त्याची सर्वांत प्रसिद्ध जात टेक्टोरम, म्हणजे ‘छपरांवरची’. तिकडे घरांच्या छपरावर हे मुद्दाम लावत, कारण त्यामुळे वीज पडत नाही अशी समजूत होती. इ.स. ८०० च्या सुमारास शार्लमेन राजाच्या जहागिरींसाठी निघालेल्या हुकमात माळ्याने आपल्या घरावर हे झाड राखावं असं कलमच आहे. आपल्या मंगळुरी कौलांवर हा प्रयोग करू नका. आपल्याकडचा पाऊस ते पहिल्या आठवड्यात पन्हळीतून अंगणात आणून टाकेल.

याचं एक भावंड मात्र आपल्या घरोघरी आहे. पानफुटी! दोन्ही एकाच कुळातली. १८१५ साली छापलेल्या एका टिपणात बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातल्या पानफुटीबद्दल लिहिलं की तिचं पान पहाटे चाखलं तर आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळी कडवट. तुमच्याकडे पानफुटी असेल तर स्वतः चाखून बघा, अगदी टोकाएवढंच पान घ्या आणि थुंकून टाका. कारण असं की या कुळातली बरीच झाडं दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडतात. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उन्हात वापरतात. म्हणून सकाळी आंबट. यातून आपल्या कामाची गोष्ट अशी, की झाडाचा श्वास रात्री चालतो. रात्र गार आणि कोरडी असेल तर त्याचं बरं चालतं. एप्रिलच्या उकाड्यातली किंवा जुलैच्या दमट हवेतली रात्र त्याला मानवत नाही. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, थंडीत पहाटेचा पारा १२-१४ अंशांवर येतो, म्हणून इथं निदान प्रयत्न करता येतो. खाली कोकणात मी कुणाला सुचवणार नाही.

तोतया ओळखायचा कसा

बाजारात ‘सक्युलंट’, म्हणजे जाड रसाळ पानांचं झाड, म्हणून गुलाबाच्या आकाराची जी रोपं मिळतात त्यांतली बहुतेक एचेव्हेरिया असतात. ती मूळची मेक्सिकोची, दिसायला तशीच, आणि खरं सांगायचं तर आपल्या हवेला जास्त सोयीची. पण तुम्ही सेम्परव्हायवमचे पैसे देऊन एचेव्हेरिया घरी आणू नये.

पान उजेडासमोर धरा. सेम्परव्हायवमच्या पानाच्या कडेला पापणीच्या केसांसारखी बारीक लव असते, भिंगातून स्पष्ट दिसते. एचेव्हेरियाची कड गुळगुळीत असते आणि पानावर बहुधा द्राक्षासारखी पांढुरकी पावडर असते, बोट फिरवलं की पुसली जाते. दुसरी खूण पिल्लांची. सेम्परव्हायवमची पिल्लं आईच्या पानांखालून निघालेल्या सुतळीएवढ्या धाग्याच्या टोकाला लटकतात. विक्रेता म्हणाला, “पान लावलं तरी उगवतंय बघा,” तर समजा की ते सेम्परव्हायवम नव्हे. याचं पान मातीत ठेवलं तर वाळून जातं. पानापासून रोप हे काम पानफुटीचं आणि एचेव्हेरियाचं.

जातींची नावं हजारोंनी आहेत, त्यात गुंतू नका. पहिल्या वर्षी टेक्टोरम किंवा त्याच्या संकरातलं साधं हिरवं-तांबडं रोप घ्या. अरॅक्नॉइडियम नावाची एक जात फार मोहात पाडते, पानांच्या टोकांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे विणलेले असतात. त्या जाळ्यात आपल्याकडचं धुकं अडकून राहतं आणि मधला कोंब कुजतो. माझं जे तिसरं रोप गेलं ते हेच.

विकत घ्यायचं ते दिवाळीनंतर, नोव्हेंबरात किंवा डिसेंबरात. म्हणजे पावसापूर्वी झाडाला मुळं धरायला सहा महिने मिळतात. फेब्रुवारीनंतर कितीही स्वस्त मिळालं तरी थांबा.

माती, म्हणजे खरं तर खडी

रोप आलं की पहिलं काम मुळांभोवतीचा कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, गोळा काढायचा. हा गोळा तसाच ठेवून चांगल्या मातीत लावलेलं रोप हटकून मरतं, कारण बाहेरची माती सुकली तरी गोळा आतून ओला राहतो. कोमट पाण्याच्या बादलीत रोप बुडवून मुळं अलगद हलवा, भुसा निघून जातो. मग रोप सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस उघडं टाका. नवख्याला इथं जीव खालीवर होतो. काही होत नाही, या झाडाची मुळं आठवडाभर उघडी राहिली तरी चालतात.

मिश्रणासाठी माझं माप तांब्याचं आहे. दोन तांबे कौलांचा चुरा, एक तांब्या जाड वाळू, एक तांब्या बागेतली तांबडी माती आणि मूठभर जुनं गांडूळखत. कौलं फुटकी मिळतात, कुठलंही जुनं घर उतरवत असले की ढीग पडलेला असतो. पोत्यात घालून हातोड्यानं ठेचायची, मग दोन चाळण्या लावायच्या. पिठाची चाळणी लावून धूळ काढून टाकायची आणि खडे चाळायच्या चाळणीतून हरभऱ्याहून मोठे तुकडे वगळायचे. उरेल ते वापरायचं. धूळ काढायचा कंटाळा करू नका, कारण तीच खाली बसून कुंडीचं भोक लिंपते. कौलं न मिळाल्यास धुतलेला, चाळलेला मुरूम चालतो. खडी क्रशरची वाळू वापरणार असाल तर पाणी निवळ येईपर्यंत धुवा.

निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या मंडळींनी आपली काळी माती यात चमचाभरही घालू नये. ऊस-सोयाबीनसाठी ती सोनं असेल, खरं या झाडासाठी नको. ती पाणी धरून फुगते आणि सुकली की मुळं तोडत भेगाळते. शेतात जेवढं उपयोगी तेवढं इथं घातक.

मिश्रण बरोबर जमलं की नाही याची घरगुती परीक्षा अशी: भरलेल्या कुंडीत एक पेला पाणी एकदम ओता आणि आकडे मोजा. दहा म्हणायच्या आत खालून धार लागली पाहिजे. पाणी वर तळं करून थांबलं तर अजून चुरा घाला.

परळ आणि चिरा

मुळं उथळ जातात, म्हणून खोल कुंडी नको. चार इंच खोलीचा मातीचा परळ उत्तम. खानापूरकडच्या कुंभारांना सांगितलं तर तळाला भोक पाडूनच देतात, भाजण्यापूर्वी पाडलेलं भोक तडकत नाही. प्लास्टिकचा टब आणि चिनी मातीचं बिनभोकाचं भांडं, दोन्ही विसरा.

मला सर्वांत आवडतो तो चिरा. आपल्या भागात घरं बांधायला वापरतात तोच जांभा दगड, अंगभर भोकं असलेला. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हवेत राहून कडक होत जातो, त्यामुळे जमल्यास नवा घ्या. छिन्नीनं मधोमध पाच-सहा इंच रुंद आणि चार इंच खोल खळगा करा, आणि खळग्याच्या तळातून अंगठा जाईल एवढं भोक खालपर्यंत पाडा. एका दुपारचं काम आहे, तोंडाला फडकं बांधून करा. खळग्यात तेच मिश्रण भरून मधे एक रोप लावलं की दीड वर्षात पिल्लं काठावरून खाली उतरून दगडाच्या भोकांमध्ये स्वतः जागा शोधतात. तांबड्या दगडावर ते हिरवं-जांभळं रूप फार शोभतं. एकच सूचना, अर्धा चिरा घ्या. मी पूर्ण घेतला होता. पावसाळ्यात तो उचलून ओट्यावर नेताना कंबर धरली, ती गणपतीपर्यंत धरलेलीच होती.

लावताना पानांचा खालचा थर मातीला टेकू द्यायचा नाही. बुंधा मातीच्या पातळीच्या अर्धा इंच वर ठेवून भोवती कौलांच्या तुकड्यांचा किंवा बारीक खडीचा थर द्या, म्हणजे पानं कोरड्यावर टेकतील. लावल्यावर लगेच पाणी नको, पाचव्या दिवशी पहिलं पाणी.

ऊन आणि पाणी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी मिळेल तेवढं ऊन द्या. थंडी आणि कडक उजेड एकत्र मिळाले की पानांच्या टोकांना तांबूस, जांभळट रंग चढतो, सावलीत हेच झाड भाजीसारखं हिरवं आणि विस्कटलेलं दिसतं. मार्चपासून मात्र फक्त सकाळचं, दहा-साडेदहापर्यंतचं ऊन. पूर्वेकडचा ओटा असेल तर प्रश्नच नाही, गच्ची असेल तर हिरवी जाळी बांधा. सिमेंटच्या स्लॅबवर परळ थेट ठेवू नका, खाली दोन विटा हव्यात. दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो आणि मुळं भाजतात.

थंडीत आठ-दहा दिवसांतून एकदा सकाळी भरपूर पाणी, खालून वाहेपर्यंत. मार्च ते मे झाड अर्धवट झोपेत असतं, बाहेरची पानं आत मिटून घेतं. त्याला तहान लागली असं समजून रोज तांब्या रिकामा करणारी माणसं मी पाहिलीत, माझ्या सासूबाई त्यांतल्या एक. “एवढं वाळून गेलंय, बघवत नाही गं,” म्हणत त्या मी दुपारी झोपले की पाणी घालायच्या. शेवटी त्यांना शेजारची तुळस आणि गुलाब सोपवले. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, ऊन उतरल्यावर, परळाच्या कडेनं थोडं पाणी पुरतं. पानांच्या मधल्या वाटीत पाणी साचलं तर फुंकर मारून काढा.

वळवाकडे लक्ष ठेवा. दुपारभर तापलेल्या कुंडीवर चार वाजता धो धो पाऊस पडला आणि मागोमाग पुन्हा ऊन आलं, की आतल्या आत झाड वाफलतं. वर ढग दाटले की परळ आत घ्यायचे. गारांनी पानांना खळगे पडतात ते वेगळंच.

जून ते ऑक्टोबर

खरी परीक्षा इथं. आपल्या शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यातही मोठी सर तेवढी घातक नसते. दिवसेंदिवस सूर्य न दाखवता पडणारी झिमझिम, पुनर्वसू-पुष्यातली, तिनं झाड जातं. कपडे तीन दिवस वाळत नाहीत असा पाऊस लागला की समजायचं, कुंडीही वाळत नाही.

मृग निघण्यापूर्वीच, जूनच्या पहिल्या आठवड्यात, सगळे परळ छपराखाली गेले पाहिजेत. छप्पर म्हणजे घराच्या आत नव्हे. घरातल्या काळोखात झाड आठ दिवसांत लांबट, फिकट होतं. वर पाऊस अडवणारं आणि चारही बाजूंनी वारा खेळू देणारं असं काहीतरी हवं. माझ्याकडे जुनी लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर तिरका पारदर्शक पत्रा ठोकलाय आणि बाजू मोकळ्या ठेवल्यात. पत्रा चहूबाजूंनी हातभर बाहेर काढा, कारण आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. आणि पागोळ्यांची रेघ कुठे पडते ते पहिल्या पावसात उभं राहून बघा. दुसऱ्या वर्षी मी ओट्याच्या कडेला ठेवलेला एक परळ नेमका पागोळीखाली होता.

या चार महिन्यांत मी पाणी जवळजवळ घालतच नाही. हवेतच इतका ओलावा असतो की गरज पडत नाही. बाहेरची पानं दाबून बघा. चामड्यासारखी मऊ आणि सुरकुतलेली लागली तर एखाद्या उघडिपीच्या दिवशी कडेनं दोन-तीन चमचे पाणी. टणक असतील तर हात लावू नका.

दर रविवारी एक काम मात्र करायचं: खालची वाळलेली पानं चिमट्यानं काढायची. कोरड्या दिवसांत ती झाडाला ऊन लागू देत नाहीत म्हणून ठेवली तरी चालतात, पण पावसाळ्यात ती ओली होऊन बुंध्याला चिकटतात आणि कूज तिथूनच सुरू होते. एखादं पान पारदर्शक, पाणी भरल्यासारखं दिसलं तर त्याच दिवशी रोप उपटा. धारदार, स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं बुंधा खालून चकत्या करत कापत जा, आतला गाभा डागाशिवाय पांढरट-हिरवा दिसेपर्यंत. मग ते डोकं कोरड्या जागी आठवडाभर ठेवून नव्या चुऱ्यावर नुसतं टेकवा. निम्म्या वेळा मुळं फुटतात.

मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पाऊस शहराच्या कित्येक पट असतो आणि धुकं ओट्यावर येऊन बसतं. तिथं राहणाऱ्यांनी दोनच रोपं ठेवावीत आणि ती खिडकीशी, पंख्याच्या वाऱ्यावर. उलट गोकाक, रायबाग, अथणीकडे पाऊस कमी, तिथं छपराची एवढी काळजी नाही, पण उन्हाळा आमच्यापेक्षा कडक. त्यांनी फेब्रुवारीतच जाळी बांधावी आणि पावसाळ्यातही उघडीप लांबली तर पंधरवड्यानं पाणी द्यावं.

छप्पर काढायची घाई नको. गणपती गेले, ऊन पडलं, म्हणून परळ उघड्यावर आणले की हस्ताचा पाऊस दुपारी गडगडत येतो आणि चार महिन्यांची मेहनत धुऊन नेतो. मी दसऱ्याची पूजा झाल्यावरही आठवडाभर थांबते. नंतर एकदम उन्हात न नेता आधी दोन तास, मग चार तास असं वाढवते, नाहीतर पानांवर भाजल्याचे तपकिरी डाग पडतात.

किडे आणि गोगलगाई

पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कानकोरण्याचा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. मुंग्यांची रांग कुंडीकडे लागली असेल तर रोप उपटून मुळंही बघा, तिथंही तो असतो. पावसाळ्यात गोगलगाई रात्रीत अर्धा गुच्छ खातात. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की त्या आणि मुंग्या दोन्ही चढत नाहीत, फक्त डासांसाठी वाटीतलं पाणी दर दोन दिवसांनी बदला.

पिल्लं वेगळी करणं आणि आईचं जाणं

पिल्लं सोडवायची ती नोव्हेंबरात. आईला जोडणारा धागा तपकिरी होऊन वाळला आणि पिल्लू रुपयाच्या नाण्याएवढं झालं की ते तयार आहे. धागा अजून हिरवा असेल तर राहू द्या, ते अजून आईकडून खातंय. वेगळं केलेलं पिल्लू पुरायचं नाही, चुऱ्यावर बसवून कडेनं दोन खडे लावायचे. मुळं आपणहून खाली जातात.

आणि एखाद्या वर्षी गुच्छाच्या मधोमध दांडा उंच होत चालला तर घाबरू नका, कापूही नका. ते फुलणार आहे, आणि फुलून झालं की तो गुच्छ मरणार आहे. केळीसारखंच आहे हे: घड दिला की केळ संपली, पण बुडाशी मुनवे उभे असतात. माझ्याकडे एवढ्या वर्षांत एकच गुच्छ फुलला, जानेवारीत, वीतभर दांड्यावर गुलाबी चांदण्यांसारखी फुलं. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि म्हणाल्या, “एवढं जपलंस खरं, आता हे मरणार म्हणतेस?” मी त्यांना परळाच्या काठावरची सात पिल्लं दाखवली. दोन त्या पदरात बांधून घेऊन गेल्या, आणि जाताना रोज पाणी घालू का म्हणून विचारलं.